कासवाक सरकार आसा, जाळ्याक कोण?

मालवणचा समुद्र १३ एप्रिल १९८७ पासून अभयारण्य आहे. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा ३.१८२ चौरस किलोमीटरचा पट्टा गाभ्याचा, बाकीचा त्याच्या भोवतालचा. आकडे दशांशचिन्हाच्या पुढे तीन घरं मोजलेले. प्रवाळ, समुद्री शेवाळं, खडपांतले रंगीत मासे हे सगळं जपावं, असा हेतू. पण मालवणच्या मच्छीमारवस्तीत ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की आजही आवाज चढतात. मासेमारी बंद होईल, होडी लावायची जागा जाईल, घराची भिंत बांधायलाही परवानगी काढावी लागेल, ही भीती तेव्हाही होती आणि पुढची पिढी कर्ती झाली तरी ती पूर्ण गेलेली नाही. विरोध इतका टिकला की अभयारण्य बहुतांशी कागदावरच राहिलं.

एका संवर्धन प्रकल्पाची समन्वयक म्हणून ती सिंधुदुर्गात आली, तेव्हा हे अभयारण्य तिला नकाशावरून पाठ होतं. ती घाटावरची. शिक्षण सागरी जीवशास्त्राचं. समुद्राशी ओळख शाळेच्या सहलीपुरती आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखालची. तिच्या नेमणुकीच्या पत्रात कामाचं पहिलं कलम होतं, ‘मच्छीमार समाजात जनजागृती करणे’. या कलमाचा अर्थ तिने अगदी सरळ घेतला होता: लोकांना माहीत नाही, आपण सांगायचं.

सुरुवातीच्या बैठका देवळाच्या सभामंडपात व्हायच्या. ती प्रवाळाची चित्रं लावायची, कासवाचं आयुष्य समजावून सांगायची. लोक ऐकून घ्यायचे, चहा व्हायचा आणि मग कुणीतरी उठून विचारायचं, “आमका शिकवतास. भायरचे ट्रॉलर तुमका दिसनत नाय?” तिच्या सादरीकरणात ट्रॉलर नव्हतेच. तो विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा, तिचा प्रकल्प वन्यजीवांचा. समुद्रात जाणाऱ्या माणसाला ही खातेवाटणी ठाऊक असायचं कारण नव्हतं. कासव, बांगडा, परराज्यातली बोट आणि त्याचं स्वतःचं जाळं, सगळं एकाच पाण्यात होतं.

अशाच एका बैठकीत एक वयस्क रापणकर भिंतीवरच्या नकाशाजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, यात आमची रापण कुठे ओढतात ते दाखवा. नकाशावर खोली होती, अक्षांश-रेखांश होते, अभयारण्याची तुटक रेषा होती. रापणीची जागा नव्हती. काकांनी मग बोटाने दाखवायला सुरुवात केली. इथे होडी सुटते, इथवर जाळं पडतं, हा दोर या टोकाला येतो, मधे हे खडप, त्याला जाळं अडकलं तर फाटतं म्हणून वळसा घ्यायचा. प्रत्येक खडपाला नाव होतं. पाण्याखालच्या, कधीच न दिसणाऱ्या खडकांनाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच नकाशाची मोठी प्रत काढली, पेन्सिल घेतली आणि ती नावं लिहायला बसली. तिच्या प्रकल्पाचं खरं काम तिथे सुरू झालं, असं ती आता सांगते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्धवर्तुळात टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंना माणसं रांगेने उभी राहून तासन्‌तास ओढतात. पूर्वी प्रत्येक घर आपल्या जाळ्याचा तुकडा घेऊन यायचं आणि ते तुकडे जोडून रापण व्हायची. मासळीचे वाटे पडायचे ते त्या हिशेबाने. समुद्रावर जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्याला, घरधनी गेलेल्या बाईलाही काही संघांत वाटा राहायचा. विमा आणि निवृत्तिवेतन हे शब्द गावात यायच्या आधीची ही व्यवस्था. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तारली-बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ आले पाहिजेत. ते बाहेरच उचलले गेले, तर रापणकराने दोर ओढून वाळूच वर काढायची.

म्हणून मासळी वाचली पाहिजे हे रापणकराला पटवायची गरजच नव्हती. ती कुणापासून वाचवायची, याचं त्याचं उत्तर मात्र प्रकल्पाच्या अहवालातल्या उत्तराहून वेगळं होतं. त्याचं बोट पर्ससीनकडे होतं. हे जाळं संपूर्ण थव्याला वेढा घालतं आणि खालून बटव्यासारखं आवळलं जातं. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंड लाखांच्या घरात गेले. कागद भक्कम आहेत. पण राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, आणि इतक्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या गस्ती नौका मोजक्या. मोठी बोट सुटली आणि किनाऱ्यावरच्या लहान होडीचे कागद तपासले गेले, की त्या दिवशी गावात संवर्धनावर बोलायची सोय उरत नसे. तिने पुढे एक शिस्त पाळली. जिथे परवाने, गस्त आणि दंडाबद्दल उत्तर देईल असा अधिकारी सोबत येणार नसेल, तिथे कासवांवरची बैठक ठेवायची नाही.

पण तिच्या डोक्यात खरा लख्ख प्रकाश पडला तो एका फाटक्या जाळ्यामुळे.

एका सकाळी बंदरावर एक तांडेल जाळ्याचा ढीग पुढ्यात टाकून बसला होता. पहाटे जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव आलं होतं. मोठं, पस्तीस-चाळीस किलोचं. अडकलेलं कासव सुटायच्या धडपडीत गिरक्या घेतं आणि दर गिरकीला नायलॉनचे पदर त्याच्या वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांभोवती आवळत जातात. वर श्वास घ्यायला आलं नाही तर ते बुडून मरतं. होडीत माणसं दोन. एकाने कवच धरायचं, दुसऱ्याने सुरीने एकेक पीळ कापायचा, कासवाच्या चोचीपासून बोटं सांभाळत. या तांडेलाने तेच केलं होतं. कासव गेलं. जाळ्याला मधोमध मोठं भगदाड पडलं होतं, बोयांचा दोर एका बाजूने लोंबत होता, लिलावाची वेळ टळून गेली होती. ती शाबासकी द्यायला पुढे झाली. त्याने मान वर न करताच विचारलं, “मॅडम, तुमच्या कासवाक सरकार आसा. माझ्या जाळ्याक कोण आसा?”

तेव्हा या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. त्याला मारलं तर तुरुंग. वाचवलं तर नुकसान, आणि तेही सोसायचं किनाऱ्यावरच्या सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाने. ही रक्कम कुणाच्याही अंदाजपत्रकात नव्हती. शहरात बसून कासवांवर प्रेम करणाऱ्या हजारो लोकांचं बिल तो एकटा भरत होता.

गुजरातने हा हिशेब आधी मांडला होता. वेरावळच्या परिसरात अवाढव्य पण निरुपद्रवी व्हेल शार्कची मोठ्या प्रमाणावर शिकार व्हायची. यकृतातलं तेल होड्यांना लावायला, मांस निर्यातीला. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ती शिकार जगासमोर आणली आणि २००१ मध्ये भारतात कायद्याचं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा ठरला. नुसत्या कायद्याने होड्या थांबल्या नसत्या. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि वनखात्याने मोहीम उभारली. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. ती गुजराती घरांत बरोबर पोचली. तिच्या जोडीला जाळं कापलं तर भरपाई देण्याची सोय आली. भावना आणि पैसा दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे शेकडो व्हेल शार्क पुन्हा समुद्रात सोडले गेले, आणि ते सोडणारे हात पूर्वी त्यांची शिकार करणाऱ्या वस्त्यांमधलेच होते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये तशी योजना आली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ती राबवतात. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे प्राणी त्यात येतात. अट अशी की प्राणी सोडवल्याचे फोटो किंवा व्हिडिओ हवेत, जाळ्याचे फोटो हवेत, बोटीचे कागद हवेत, बँकेचं खातं हवं.

ऐकायला साधं वाटतं. पण दोन माणसांच्या हलत्या होडीत एक कासव धरतोय, दुसरा कापतोय, तर व्हिडिओ काढायचा कुणी? सुरुवातीचे कित्येक अर्ज इथेच अडले. फोन होता तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवलेला. एकाच्या व्हिडिओत निम्मा वेळ आकाश. एकाचं कासव सुटून गेल्यावर चित्रीकरण सुरू झालेलं. बोट आजोबांच्या नावावर, खातं मुलाचं. ती आणि तिचे दोन सहकारी मग बंदरावर बसून अर्ज भरून द्यायला लागले. फोन गळ्यात अडकवायचा कसा, सुरुवातीला बोटीचा नंबर दिसेल असा एक फोटो घ्यायचा, मग प्राणी, मग जाळं, एवढंच शिकवायचं. जनजागृती म्हणून जे काही झालं ते या अर्जांच्या निमित्ताने. तरुण खलाशी आपले व्हिडिओ एकमेकांना पाठवू लागले आणि कासव कुणी नीट सोडवलं यावर बंदरावर चर्चा झडू लागल्या. भरपाई मिळते ती जाळ्याची. चुकलेला लिलाव त्यात धरलेला नाही, हे आजही तिला टोचतं.

कासवांच्याच बाबतीत उत्तरेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, एक निराळा रस्ता आधीच पडला होता. नाना फडणवीसांचं वेळास हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत असताना २००२ मध्ये त्यांना इथे कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर घरटं सापडलं की अंडी उकरून नेणं, खाणं किंवा विकणं यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. उरलीसुरली कोल्ह्या-कुत्र्यांची. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं, पहाटे किनारा चालून घरटी शोधायची, अंडी कुंपणातल्या वाळूत त्याच खोलीवर पुरायची आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून त्याचा कासव महोत्सव झाला. पाहुणे आले, ते गावातल्याच घरांत उतरले, घरच्या बाईच्या हातचं जेवले आणि पैसे त्या घरात राहिले.

वेळास बघून आल्यावर तिच्या वरिष्ठांचा आग्रह होता, हेच सगळीकडे करा. तिने दोन-तीन गावांत चाचपून पाहिलं आणि एक गोष्ट ध्यानात आली. पाहुणे उतरवायला घरात जादा खोली लागते, पक्कं स्वच्छतागृह लागतं, पाण्याची सोय लागते. ज्याच्या जाळ्यात कासव येतं त्याच्याकडे यातलं काही असेलच असं नाही. किनाऱ्याला लागून असलेल्या दाटीच्या वस्तीत पाय पसरायला जागा नसते. खोल्या असतात त्या मागच्या वाड्यांमध्ये, बागायतदारांकडे. म्हणजे समुद्रात तोटा एका वाडीचा आणि पर्यटनाचा फायदा दुसऱ्या वाडीचा. ‘गावाला उत्पन्न’ असं अहवालात लिहिताना हा फरक सहज पुसला जातो.

आणि कासव तर कुठल्याच गावाचं नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. एवढ्या मोठ्या फेरीतल्या प्राण्याला सांभाळायचा खर्च मात्र ज्या त्या रात्री ज्याचं जाळं पाण्यात असेल त्याच्यावर पडतो.

बायकांपर्यंत पोचायला तिला आणखी वेळ लागला. बैठका सकाळी अकराला ठेवलेल्या. त्या वेळी मच्छीमारवस्तीतल्या निम्म्या बायका बाजारात टोपली मांडून बसलेल्या असतात आणि उरलेल्या मासळी साफ करत, खारवत, वाळत घालत असतात. मच्छीमार सोसायटीच्या यादीत सभासद म्हणून बहुतेक नावं बोटमालकांची, म्हणजे पुरुषांची. साहजिकच ‘मच्छीमारांशी सल्लामसलत’ झाली की ती पुरुषांशी होते. बैठक दिवेलागणीला नेली तेव्हा बायका आल्या आणि त्यांनी थेट बाजाराचा विषय काढला.

त्या वेळी पापलेटची चर्चा जोरात होती. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्यायोग्य किमान आकार राज्याने ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर. वीतभरही नाही. याहून लहान पिल्लं पकडू नयेत, विकू नयेत. कारण उघड आहे. ज्या माशाने एकदाही अंडी घातली नाहीत तो ताटात आला तर पुढच्या वर्षी ताट रिकामं. ती हे सांगत असताना पाटी घेऊन बाजूला बसलेली एक बाई म्हणाली, “माका बारीक पापलेट इकू नको म्हणतास. गिरायकाक सांगा ना. ताच स्वस्त म्हणान मागता.” बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. नियम पकडणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला आहे. हौसेने छोटी पापलेटं तळून खाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

जाळ्यातच फरक केला तर पुढचा प्रश्न निम्मा होतो. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची भोकं साधारण शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. ओढ बसली की ती मिटतात आणि लहान पिल्लंही अडकतात. भोकं चौकोनी केली तर ती ताणाखालीही उघडी राहतात आणि बारीक मासळी निसटून जाते. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०११ नंतर जो किनारी जैवविविधता प्रकल्प झाला, त्यात ४० मिलिमीटरच्या चौकोनी भोकांच्या पिशव्या ट्रॉलरमालकांना देऊन त्यांचा वापर करून पाहिला गेला. मालकांची पहिली शंका अपेक्षित होती: मासळी कमी भरेल. बारीक मासळीला भाव कमीच असतो आणि जाळं हलकं झाल्याने ओढायला डिझेल कमी लागतं, हे स्वतःच्या बोटीवर बघितल्यावर काहींनी ते ठेवलं. शेजाऱ्याने ठेवलं नाही तर आपण एकटेच का सोडायचं, असं म्हणून काहींनी काढून टाकलं. हा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटणारा नव्हता. तो सोसायटीच्या बैठकीत, सगळ्यांनी एकाच दिवसापासून बदलायचं ठरवलं तरच सुटणारा होता.

खाडीच्या बाजूला मात्र बायकांनी पुढाकार घेतलेला दिसतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. ओहोटीला चिखलात उतरून कालवं-मुळे गोळा करणाऱ्या बायकांना कुठल्या झाडाखाली काय मिळतं, हे आधीपासून ठाऊक होतंच. आता त्याच माहितीचे पैसे मिळतात. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. त्याच्या योजनांतून खेकडेपालन, कालवं आणि शिनाण्यांची शेती गटांना मिळाली. झाड तोडलं तर गुन्हा, हे सांगणाऱ्या फलकापेक्षा झाड उभं असण्यावर घरखर्च चालतो, ही गोष्ट जास्त पहारा देते. तिच्या पाहण्यात काही गटांचे खेकडे चोरीला गेले, काहींना पिल्लंच वेळेवर मिळाली नाहीत. अपयश आलं ते बाजार, बियाणं आणि राखणीत. निसर्गाविषयीच्या उदासीनतेमुळे नव्हे.

तिला सगळ्यात अवघड गेला तो धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा वाद. पावसाळ्यातली उधाणं एका वस्तीच्या दारापर्यंत येत होती. माड उन्मळून पडले होते. तौक्ते चक्रीवादळाने मे २०२१ मध्ये उरलंसुरलं नेलं. लोकांची मागणी होती, मोठे दगड टाकून बंधारा बांधा. तिचं शास्त्र सांगत होतं की बंधारा एका जागची धूप थांबवतो आणि शेजारची वाढवतो. कासवाला वाळू उरत नाही. रापणकरांचाही विरोध, कारण दोर ओढायला आणि होडी लावायला मोकळी वाळू हवी. पण ज्या बाईच्या न्हाणीघरात लाट शिरली होती तिला हे सगळं कुणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या वेळी तिला पुरतं कळलं की ‘स्थानिकांचं म्हणणं’ असं एक काही नसतंच. किनाऱ्यावरच्या घरमालकाचं एक, रापणकराचं दुसरं, ट्रॉलरवाल्याचं तिसरं आणि स्कूबावाल्या पोराचं चौथं. पुढे तिने अशा प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात ‘ग्रामस्थ’ असं न लिहिता कुणाचं काय म्हणणं ते वेगवेगळं लिहायला सुरुवात केली. वरच्या कार्यालयाला ते आवडलं नाही. गावाला आवडलं.

स्कूबाचा उल्लेख आला तर तेही सांगायला हवं. मालवण, दांडी, तारकर्लीच्या किनाऱ्यावर मच्छीमार घरांतली अनेक मुलं आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. ज्या खडपांच्या संरक्षणाला त्यांच्या वाडवडिलांनी विरोध केला तीच खडपं आता त्यांना पोसतात. त्यामुळे नांगर प्रवाळावर टाकू नका, पर्यटकाला प्रवाळावर उभं करू नका, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी जास्त आहे. तरी हंगामातल्या गर्दीच्या दिवशी, दहा होड्या एकाच जागी आल्या की नांगर पडतोच. कायमचे बोये बांधून दिले तर तो पडणार नाही. त्यांची देखभाल कुणी करायची, यावर मात्र गाडी पुन्हा अडते.

किनाऱ्याच्या माणसाला वेळेवर विचारलं तर काय होतं आणि उशिरा विचारलं तर काय, याचं ताजं उदाहरण मुंबईत आहे. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या जिथून बाहेर पडतात, तिथेच सागरी किनारा रस्त्याचे खांब येणार होते. दोन खांबांत अंतर ६० मीटर. अभियंत्यांच्या गणितात ते पुरेसं होतं. कोळ्यांचं म्हणणं होतं की वारा आणि प्रवाह एकदम फिरतात, भरतीच्या वेळी इंजिन बंद पडलं तर होडी खांबावर आदळणार. काम अडलं, आंदोलन झालं, समित्या बसल्या. शेवटी मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहून मोठी होती, तरी आराखडा बदलला. हीच चर्चा नकाशा काढताना झाली असती तर मधली वर्षं आणि पैसा वाचला असता.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये २६-अ हे कलम आलं. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्याचे पुरेसे उपाय आधी योजले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. आज जो कोणी मालवणच्या अभयारण्याचं व्यवस्थापन नव्याने मांडू पाहील, त्याने सुरुवात या कलमापासून आणि रापणकरांच्या नकाशापासून करायला हरकत नाही.

तिची पेन्सिलीची प्रत आता सोसायटीच्या कपाटात आहे. नावं वाढली आहेत, काहींवर वाद आहेत. ती स्वतः प्रकल्पातून बाहेर पडली, पण अर्ज भरून द्यायला अधूनमधून बंदरावर जाते. इतक्या वर्षांच्या कामातून तिच्या मागण्या मोजक्या आणि अगदी व्यवहारातल्या आहेत. किनारा नियमन क्षेत्राचा आराखडा असो, अभयारण्य असो वा बंदर, सुनावणी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत ठेवा. त्या दिवसांत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसंही. जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता गावात ठेवा, संध्याकाळी ठेवा म्हणजे बायका येतील. कागद मराठीत द्या आणि नकाशावर गावातली नावं घाला. भरपाईत बुडालेला दिवसही धरा.

आणि एक विनंती वाचकांसाठी. मुंबई-पुण्याहून गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची संख्या लाखांत आहे. त्यांच्यात इंग्रजी वाचता येणारे आहेत, सरकारी भाषा कळणारे आहेत, वकील आहेत, अभियंते आहेत. यंदा गावी गेलात की एक दुपार मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा, आपल्या किनाऱ्याचा कुठला आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा आणि हरकती लिहून द्यायला मदत करा. हरकती नोंदवायची मुदत संपली असेल तर निदान फाटलेल्या जाळ्याचे दोन अर्ज भरून द्या. आणि परतीच्या दिवशी बाजारात गेलात तर वीतही न भरणारी पापलेटं घेऊ नका.